सराईत क्रौर्य आणि विसराळू कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम संसदेने १९६० साली मंजूर केला. त्याच्या कलम ११ मध्ये क्रौर्याचे प्रकार एकेक करून सांगितले आहेत. जनावराला मारणे, लाथाडणे, झेपणार नाही इतके ओझे ओढायला लावणे, आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणे, अंग हलवता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, आखूड साखळीला सतत बांधून ठेवणे, चारापाणी न देणे, निराधार सोडून देणे, झुंजी लावणे, हाल करून ठार मारणे हे सारे त्या यादीत आहे. यादी विचारपूर्वक केलेली आहे. शिक्षा मात्र अशी आहे: पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. आधीच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला, तर कमीत कमी २५ आणि जास्तीत जास्त १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गेल्या काही दशकांत रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, पण हे आकडे जागचे हलले नाहीत.

पहिला गुन्हा आणि दुसरा गुन्हा एका मापाने मोजता येत नाहीत. पहिल्या वेळी अज्ञान असेल, रागाचा झटका असेल, परिस्थितीची नड असेल. दुसऱ्या वेळी त्या माणसाला कायदा ठाऊक झालेला असतो, कोर्टाची पायरी चढून झालेली असते आणि तरीही तो तेच करतो. तिसऱ्या वेळी तर ती त्याची रीतच झालेली असते. म्हणून वारंवार क्रौर्य करणाऱ्याला चढती शिक्षा व्हावी, जनावर बाळगण्याचा त्याचा हक्क काढून घ्यावा आणि त्याच्या गुन्ह्यांची नोंद कायम राहावी, या तीन गोष्टींची मागणी होत आहे.

या मागणीला विरोध करणारे सगळेच क्रूर असतात असे नाही. सुशिक्षित, सज्जन आणि एरवी कायद्याची चाड असणारी माणसेही विरोधाचा सूर लावतात. त्यांचे म्हणणे असे: जिथे माणसांना न्याय मिळायला पिढ्या जातात तिथे कुत्र्यामांजरांसाठी तुरुंग कशाला, शिक्षा वाढवून गुन्हे कधी थांबलेले नाहीत, आहेत ते कायदे पुरेसे आहेत, ते नीट राबवले की झाले, कडक कायद्याचा वरवंटा गाडीवानावर आणि ऊसतोड मजुरावर फिरेल, कायद्याचा गैरवापर होईल, आणि जो समाज बैलपोळा साजरा करतो त्याला भूतदया कायद्याने शिकवण्याची गरज नाही. यातला प्रत्येक मुद्दा ऐकायला वजनदार वाटतो, पण तपासायला घेतला तर एकही टिकत नाही.

माणसांचे प्रश्न आधी, हा युक्तिवाद सर्वांत जुना आहे. मुंबईत प्राण्यांवरील अत्याचार रोखणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. मुंबईकर ते आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणून ओळखतात. त्या काळच्या मुंबईत माणसांचे प्रश्न नव्हते काय? राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी खासगी विधेयक मांडले, तेव्हा फाळणीच्या जखमा ओल्या होत्या आणि देशाला धान्य पुरत नव्हते. तरीही नेहरूंच्या सरकारने हा विषय बाजूला सारला नाही. समिती नेमली गेली, तिच्या कामातून १९६० चा अधिनियम आला आणि १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन होऊन रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असलेल्या देशाने तेव्हा यासाठी वेळ काढला. आजच्या देशाला तो काढता येत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

न्याय एकाला दिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा संपत नाही. कुत्र्याला जिवंत जाळणाऱ्याला तुरुंगात पाठवल्याने कोणत्या विधवेचा दावा लांबणीवर पडतो? शिवाय माणूस आणि जनावर यांच्यावरच्या हिंसेत विरोधक मानतात तेवढे अंतर नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात प्राण्यांवर क्रौर्य केल्याचा आरोप असलेल्या १५३ जणांची त्यांच्या शेजारपाजारच्या तितक्याच लोकांशी तुलना करणारा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. जनावरांना छळणाऱ्यांच्या नावावर माणसांवरील हिंसेचे आणि इतर गुन्हेही कितीतरी अधिक निघाले. आधी जनावर आणि मग माणूस असा ठरलेला क्रम त्यात दिसला नाही. दोन्ही प्रकारचे गुन्हे मागेपुढे घडलेले आढळले. अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था एफबीआय २०१६ पासून प्राण्यांवरील क्रौर्याची नोंद स्वतंत्र गुन्हा म्हणून ठेवते ती उगाच नव्हे. पण हा दुवा नसता तरी मागणी कमकुवत झाली नसती. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे आणि ते माणसाला होणाऱ्या फायद्याच्या अटीवर सांगितलेले नाही. जनावराला वेदना होते, हे कारण पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासू मंडळी घेतात. शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा शिक्षा होणारच ही खात्री गुन्हा रोखते, हे इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच सांगितले होते आणि ते खरे आहे. पण या तत्त्वाचा आधार घेऊन दंडाचे आकडे आहेत तिथेच ठेवा म्हणणाऱ्यांनी भारतातील फौजदारी प्रक्रिया कशी चालते ते पाहिलेले नाही. इथे शिक्षा होण्याची खात्री शिक्षेच्या तीव्रतेवरच अवलंबून आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीचा साधारण नियम असा आहे की, विशेष कायद्याखालच्या गुन्ह्याला फक्त दंड किंवा तीन वर्षांपेक्षा कमी कैद असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. शिक्षा तीन वर्षांची किंवा अधिक झाली की गुन्हा दखलपात्र होतो. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही. म्हणजे शिक्षा किरकोळ म्हणून तपास नाही, तपास नाही म्हणून पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणून शिक्षा नाही. हे चक्र शिक्षा वाढवल्याशिवाय तुटत नाही.

पोलीस ठाण्यात याचा अर्थ काय होतो? शेजारी साखळीला बांधलेल्या कुत्र्याला रोज लोखंडी सळईने मारतो, अशी तक्रार घेऊन कोणी जातो. ठाणे अंमलदार तक्रार ऐकतो, नोंदवहीत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहितो, तिचा क्रमांक असलेला कागद तक्रारदाराच्या हातात देतो आणि कोर्टात जा म्हणून सांगतो. पंचनामा होत नाही, कुत्र्याची पशुवैद्यकाकडून तपासणी होत नाही, सळई जप्त होत नाही. तक्रारदाराने वकील लावून दंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद दाखल करायची ठरवली, तर १९६० च्या अधिनियमाचे कलम ३६ आडवे येते: गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला गुदरला नाही, तर तो गुदरताच येत नाही. ज्या गुन्ह्यांना नुसता दंड आहे त्यांच्यासाठीसुद्धा फौजदारी कायद्याची सर्वसाधारण मुदत सहा महिन्यांची आहे. जो बळी स्वतः तोंडाने काही सांगू शकत नाही, त्याच्यासाठी तिच्या निम्मीच मुदत.

खटला उभा राहिलाच तर आरोपी गुन्हा कबूल करतो. ५० रुपये भरून मोकळे होणे त्याला तारखांना खेटे घालण्यापेक्षा स्वस्त पडते. पावती फाटते आणि प्रकरण संपते. पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात तोच माणूस त्याच कारणासाठी पकडला गेला, तर तिथल्या ठाण्याला आधीचे काही कळण्याची व्यवस्था नाही. क्रौर्याच्या गुन्हेगारांची राज्यपातळीवरची नोंदवही कायद्याने कुठेही मागितलेली नाही. वाढीव शिक्षेसाठी आधीची दोषसिद्धी सिद्ध करावी लागते. ती कोणाच्या हातीच लागत नसेल तर दुसरा गुन्हाही पहिला म्हणूनच नोंदला जातो. त्यात तीन वर्षांची अट आहे. तीन वर्षे आणि एका महिन्याने पुन्हा बैलाचा पाय मोडणारा कायद्याच्या नजरेत पुन्हा कोरा ठरतो. सराईत गुन्हेगाराला यापेक्षा सोयीची कोणती तरतूद हवी?

शिक्षेचा धाक उपयोगी नाही असे संसदेने इतर ठिकाणी कधी मानलेले नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. दारू पिऊन गाडी चालवल्यास पहिल्यांदा १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा सापडल्यास १५ हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, अशी पायरी तिथे आहे. हेल्मेट न घालणाऱ्याला त्याच कायद्यात एक हजार रुपये दंड आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील सर्वसाधारण गुन्ह्यांच्या दंडाची कमाल मर्यादा २०२२ साली २५ हजारांवरून एक लाखावर नेली गेली. खुद्द १९६० च्या अधिनियमातच, गाईम्हशीचे दूध उतरावे म्हणून तिच्या जननमार्गात हवा फुंकण्याच्या प्रकाराला, म्हणजे फुंक्याला, कलम १२ ने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. तेव्हाच्या संसदेला जबर शिक्षा सांगता येत होती. मग त्याच गाईला उपाशी ठेवून मारणाऱ्याला ५० रुपयांत सोडण्याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करायचे?

आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असे म्हणणारे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ कडे बोट दाखवतात. जनावराला ठार मारणे, विष घालणे, अपंग किंवा निकामी करणे यासाठी तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंड संहितेत हीच तरतूद जनावराच्या १० आणि ५० रुपये किमतीवर बेतलेली होती. ती अट गेली हे चांगले झाले. पण हे कलम आगळिकीच्या प्रकरणात आहे आणि आगळीक म्हणजे जनतेचे किंवा कोणा व्यक्तीचे नुकसान करण्याच्या हेतूने अथवा जाणिवेने मालमत्तेची नासधूस करणे. गुन्ह्याचा गाभा मालमत्तेची हानी हा आहे. स्वतःच्याच घोड्याचे हाल करणाऱ्या मालकाने कोणाच्या मालमत्तेचे नुकसान केले? कोणाच्याच मालकीचे नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत नुकसान कोणाचे, हा वाद आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी उभा करतो. जे क्रौर्य जिवे मारत नाही आणि अपंगही करत नाही, म्हणजे उपासमार, जादा ओझे, रोजची मारहाण, कोंडून ठेवणे, ते या कलमात बसतच नाही. वारंवार गुन्हा करणाऱ्यासाठी त्यात वेगळी शिक्षा नाही. प्राण्यांवरील लैंगिक अत्याचार जुन्या दंड संहितेच्या ज्या कलम ३७७ खाली येत असत, त्याची जागा घेणारे कलमही नव्या संहितेत नाही. या स्थितीला पुरेसा कायदा म्हणता येत नाही.

गरिबाचा मुद्दा काळजीपूर्वक पाहिला पाहिजे, कारण विरोधक इथे सर्वांत जास्त आवाज चढवतात. गळीत हंगामात सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या कारखान्याच्या दिशेने ओळीने चाललेल्या दिसतात. चढाला लागलेल्या एखाद्या गाडीचा बैल जवळून पाहावा. जू घासून खांदा आलेला असतो, कातडी सोलवटलेली असते आणि ओल्या मांसावर माश्या बसलेल्या असतात. पुढचा पाय डांबरावर घसरला की गाडीवान पराणीची आर शेपटीच्या बुडाशी टोचतो. तिथे आधीच्या टोचण्यांचे काळे वण पडलेले असतात. बैल तोंडाला फेस येईपर्यंत ओढतो, कारण त्याला थांबता येत नाही. गाडीवानालाही थांबता येत नाही हे खरे. त्याने उचल घेतलेली असते आणि खेपा झाल्या नाहीत तर ती फिटत नाही.

या गाडीवानाला पहिल्याच गुन्ह्यात तुरुंगात टाका, अशी मागणी कोणीही केलेली नाही. मागणी वारंवार गुन्हा करणाऱ्यापुरती आहे. पहिल्या वेळी समज, बैलावर उपचार आणि वजनाची तपासणी असा मार्ग कायद्याला मोकळाच ठेवता येतो. पण गरिबीचे नाव पुढे करून ज्यांना वाचवले जाते ते गाडीवानच असतात काय? कलम ११ मारणाऱ्याबरोबरच मारायला लावणाऱ्याला आणि मालक असून मारू देणाऱ्यालाही दोषी धरते. जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये, हे नियम १९६५ पासून आहेत. हंगामामागून हंगाम हे नियम मोडून फायदा कोणाला होतो? दंड ५० रुपयांचा असतो तोवर तो गाडीवानाच्या खिशातून जातो आणि त्याला रस्त्यावर धाडणाऱ्या ठेकेदाराला त्याची झळ लागत नाही. वारंवार गुन्ह्याची शिक्षा जबर झाली आणि ती मालकाला व ठेकेदाराला लागू झाली, तर गाडीवानाला जादा खेपेला नाही म्हणण्याचे बळ मिळेल. आजचा स्वस्त कायदा गरिबाला संरक्षण देत नाही. तो गरिबाला पुढे करून धंदा चालवणाऱ्याला संरक्षण देतो.

गैरवापराचा आक्षेप प्रत्येक नव्या कायद्यावर घेतला गेला आहे. हुंडाबंदीवर घेतला गेला, अॅट्रॉसिटीच्या कायद्यावर घेतला गेला. गैरवापर रोखण्याचे उपाय ठाऊक आहेत: पशुवैद्यकाचा लेखी अहवाल, छायाचित्रांसह पंचनामा, खोट्या तक्रारीला शिक्षा. रस्त्यावर गाड्या अडवून मारहाण करणाऱ्या टोळ्यांची भीती खरी आहे, पण पोलीस तपास करत नाहीत त्याच जागेत अशा टोळ्या वाढतात. गुन्हा दखलपात्र झाला की तपास वर्दीतल्या माणसाच्या हाती जातो आणि कायदा हातात घेणाऱ्याचे निमित्त संपते. शिवाय वाढीव शिक्षेसाठी कोर्टाने आधी एकदा दोषी ठरवलेले असावे लागते. चढत्या शिक्षेत निरपराध माणूस अडकण्याची शक्यता इतर कोणत्याही तरतुदीपेक्षा कमी आहे.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्नही याच ओघात काढला जातो. कुत्री चावतात, लहान मुले जखमी होतात, रेबीजने माणसे मरतात हे सारे खरे आहे आणि त्यावर उपाय करणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. निर्बीजीकरण आणि लसीकरण कसे करायचे याचे नियम केंद्र सरकारने २०२३ साली नव्याने काढले आहेत. गल्लीत विष घातलेले मांसाचे तुकडे टाकणे हा त्यातला उपाय नाही. त्या विषाने कुत्री तडफडत मरतात, मांजरे मरतात, मेलेली जनावरे टोचणारे पक्षी मरतात आणि एखादे रांगते मूलही त्या तुकड्यापर्यंत पोहोचू शकते. एकदा असे करून दंड भरलेला माणूस पुन्हा विष घालतो तेव्हा तो सार्वजनिक आरोग्याचे काम करत नसतो.

शेवटचा आक्षेप संस्कृतीचा. श्रावण संपताना बैलाच्या खांद्याला तूपहळद चोळतात, झूल घालतात, बाशिंग बांधतात, पुरणपोळी भरवतात. हा सण खरा आहे आणि त्यामागची कृतज्ञताही खरी आहे. पण संस्कारांनी सगळी माणसे सुधारली असती तर कोणताच फौजदारी कायदा लागला नसता. आईला देवता मानणाऱ्या समाजालाही कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ साली कायदा करावा लागला. जो शेतकरी बैलाला लेकरासारखा वाढवतो, त्याला कडक शिक्षेची भीती कशाला वाटेल? परंपरेचा मान सण पाळणाऱ्याला मिळायचा. ती परंपरा बाजारात विकून खाणाऱ्याला तिच्या आडोशाला लपू देता कामा नये.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर हा वाद स्वतःच निकालात काढला आहे. बैलगाडा शर्यतींना परवानगी देण्यासाठी २०१७ साली राज्याने केंद्रीय अधिनियमात दुरुस्ती केली, तेव्हा शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. बैलाला वेदना देण्याची किंमत लाखांत मोजता येते, हे राज्याला मान्य आहे. बैलांच्या कत्तलीवर बंदी घालणारी दुरुस्ती २०१५ साली अमलात आली, तिच्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मग तोच बैल शर्यतीच्या घाटावरून उतरून उसाच्या गाडीला जुंपला गेला की त्याची वेदना ५० रुपयांवर का येते? बैलाला कापणे पाच वर्षांच्या कैदेचा गुन्हा आणि त्याला आयुष्यभर रोज थोडे थोडे मारणे ५० रुपयांचा, ही विसंगती संस्कृतीच्या नावाखाली झाकता येत नाही.

जनावर बाळगण्यास बंदी घालण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम २९ मध्ये आजही आहे, पण ती जवळपास निरुपयोगी करून ठेवली आहे. आधीच्या दोषसिद्धीचा, आरोपीच्या चारित्र्याचा किंवा त्या जनावराला मिळालेल्या वागणुकीचा पुरावा द्यावा लागतो. बंदी मागणार असल्याचे फिर्यादीतच आधी लिहावे लागते. आणि असे जनावर पाळायला जिथे परवाना लागतो त्याच हद्दीत गुन्हा घडलेला असावा लागतो. या तिन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. बैल, म्हैस, गाढव किंवा कोंबडी पाळायला गावात परवाना कोण घेतो? म्हणजे जिथे बहुसंख्य जनावरे आहेत तिथे बंदीचा हुकूमच निघू शकत नाही. निघाला आणि मोडला तरी दंड १०० रुपयांपर्यंत. बेफाम गाडी चालवणाऱ्याचा परवाना काढून घेणे कोणाला अन्याय वाटत नाही. जनावर बाळगणे हाही दुसऱ्या जिवावर मिळालेला अधिकार आहे आणि तो पुन्हा पुन्हा नासवणाऱ्याकडे राहू नये.

इतर देशांनी ही पावले केव्हाच उचलली आहेत. ब्रिटनमध्ये प्राण्यांवरील गंभीर क्रौर्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेणारा कायदा २०२१ मध्ये लागू झाला आणि दोषी माणसाला जनावर बाळगण्यास अपात्र ठरवण्याचा अधिकार तिथल्या न्यायालयांना २००६ च्या कायद्यानेच आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात क्रौर्याच्या गुन्हेगारांची सार्वजनिक नोंदवही २०१६ पासून आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये जल्लीकट्टू हा तमिळनाडूतील बैलांचा खेळ आणि बैलगाडा शर्यती यांच्या खटल्यात कलम ११ खालच्या शिक्षा अपुऱ्या असल्याचे सांगून संसदेने परिणामकारक दुरुस्ती करावी, अशी अपेक्षा नोंदवली. त्या निकालाचा शर्यतीविषयीचा भाग राज्यांनी पुढे दुरुस्त्या करून फिरवला. शिक्षेविषयीची अपेक्षा मात्र तशीच पडून राहिली. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. अतिक्रूर वर्तनाला ५० ते ७५ हजार रुपये दंड किंवा एक ते तीन वर्षे कैद आणि जनावराला ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, असे त्यात होते. संसदेने त्याचा कायदा केलेला नाही.

तो करताना पुढच्या गोष्टी वगळून चालणार नाही. पहिल्या गुन्ह्याचा दंड हजारांत असावा. दुसऱ्या गुन्ह्याला कैद सक्तीची असावी आणि ती इतकी असावी की गुन्हा दखलपात्र होईल. तिसऱ्या गुन्ह्यानंतर जनावर बाळगण्यास कायमची बंदी असावी. दोन गुन्ह्यांमधली तीन वर्षांची अट आणि खटल्याची तीन महिन्यांची मुदत, दोन्ही रद्द व्हाव्यात. कलम २९ मधील परवान्याची अट काढावी. प्रत्येक दोषसिद्धीची नोंद राज्यपातळीवर ठेवावी आणि ती कोणत्याही पोलीस ठाण्याला पाहता यावी. जप्त जनावराच्या पालनाचा खर्च दोषीकडून वसूल व्हावा. मालक आणि ठेकेदार यांना चाकराच्या आड लपता येऊ नये.

विरोधकांचे सगळे आक्षेप एकत्र केले तरी एका प्रश्नाचे उत्तर त्यांत मिळत नाही. ज्याने एकदा जनावराचे हाल केले, शिक्षा भोगली आणि पुन्हा तेच केले, त्याच्या ताब्यात तिसरे जनावर का द्यायचे? माणसांचे प्रश्न, गरिबी, संस्कार, गैरवापर यांपैकी कशाच्याही नावाने याचे समर्थन होत नाही. मुके जनावर साक्ष देऊ शकत नाही, तक्रार नोंदवू शकत नाही आणि आधी काय घडले ते कोर्टाला सांगू शकत नाही. ते लक्षात ठेवणे कायद्याचे काम आहे. जो कायदा प्रत्येक गुन्हा पहिला समजून ५० रुपयांवर मिटवतो, तो क्रौर्याला आळा घालत नाही, त्याला परवाना देतो. सराईत क्रौर्याला सक्तीची कैद आणि जनावर बाळगण्यास बंदी, यापेक्षा कमी काहीही संसदेने स्वीकारू नये.